शिबिरात कोणती नदी सांगाल : एल्व्हा की क्लॅमथ?

पाणीप्रश्नावरचं शिबिर, दीड तासाचं सत्र आणि विषय : 'धरण पाडून नदी मोकळी केली, असं कुठे झालंय का?' हे सत्र अंगावर पडलं की अमेरिकेतल्या दोन नद्या समोर येतात. वॉशिंग्टन राज्यातली एल्व्हा, आणि ऑरेगनमधून निघून कॅलिफोर्नियात समुद्राला मिळणारी क्लॅमथ. दोन्हीकडे अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढणारा सॅमन मासा, दोन्हीकडे त्याच्यावर जगणाऱ्या मूळनिवासी जमाती. दोन्ही एका सत्रात कोंबू नका. मी एकदा कोंबल्या होत्या. पोरांच्या लक्षात धरणांची नावं तेवढी राहिली, तीही उलटसुलट.

एल्व्हा सांगायला सोपी. नदी जेमतेम ७२ किलोमीटरची, धरणं दोनच : मुखापासून आठेक किलोमीटरवरचं एल्व्हा धरण (१९१३) आणि त्याच्या वरचं ६४ मीटर उंचीचं ग्लाइन्स कॅन्यन (१९२७). माशांना वर जायला वाट ठेवलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा तेव्हाही होता. तो धाब्यावर बसवून धरण उभं राहिलं. लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीने १९८० च्या दशकात धरणांच्या परवान्यालाच हरकत घेतली, १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला, आणि प्रत्यक्ष पाडकाम सुरू झालं २०११ च्या सप्टेंबरात. मधली १९ वर्षं पैसे आणि तयारीत गेली. एकूण खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर, भार केंद्र सरकारवर.

एल्व्हाची खरी गंमत गाळात आहे. दोन जलाशयांत मिळून दोन कोटी घनमीटरच्या वर गाळ साचलेला. धरण एकदम न फोडता टप्प्याटप्प्याने उतरवलं, २०१४ पर्यंत, म्हणजे गाळ नदीनेच हळूहळू वाहून न्यावा. मुखाशी आधी गोटे होते, तिथे वाळूचा किनारा तयार झाला. जलाशय ओसरल्यावर क्लॅलम लोकांच्या उत्पत्तिकथेतली जागाही उघडी पडली : टोपलीसारखे खळगे असलेला खडक. शंभर वर्षं तो फक्त म्हाताऱ्यांच्या सांगण्यात होता. हा प्रसंग घाईत उरकू नका.

पण 'लोकांनी नेमकं केलं काय?' असं कुणी विचारलं, तर एल्व्हा थोडी तोकडी पडते. तिथे क्लॅमथ हवी. या नदीवरची एका वीज कंपनीची चार धरणं पाडली गेली.

सुरुवात २००२ च्या सप्टेंबरपासून करा. नदीच्या खालच्या टप्प्यात काही दिवसांत किमान ३४ हजार मासे मेले. इथे एक चूक सर्रास होते : ते पाडलेल्या चार धरणांमुळेच मेले, असं ठोकून दिलं जातं. नदीत पाणी कमी होतं, वर शेतीसाठी पाणी वळवलं होतं, उरलेलं तापलं आणि दाटीत कल्ल्यांचा रोग पसरला. पण त्या काठावरच्या दृश्याने युरोक, कारुक, हूपा आणि क्लॅमथ जमातींचे लोक पेटून उठले, आणि वीज कंपनीचा या धरणांचा परवाना २००६ मध्ये संपत होता. २००४ मध्ये ते थेट स्कॉटलंडला, तेव्हाच्या मालक कंपनीच्या भागधारकांच्या सभेला धडकले. मालक बदलल्यावर नव्या मालकाच्या गावी, अमेरिकेतल्या ओमाहाला गेले.

निर्णय मात्र हिशेबाने फिरला. नवा परवाना हवा तर माशांसाठी शिड्या (धरण चढून जायच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटा) बांधा, अशी सरकारी अट आली; ग्राहकांच्या दृष्टीने त्यापेक्षा धरणं काढणं परवडणारं ठरलं. २०१० चा करार संसदेत लटकला, २०१६ मध्ये तो संसदेला वगळून नव्याने केला, अंतिम परवानगी २०२२ च्या नोव्हेंबरात. ४५ कोटी डॉलरपैकी २० कोटी वीज ग्राहकांच्या बिलांतून, २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. २०२४ च्या ऑक्टोबरात चौथं धरण गेलं, आणि त्याच महिन्यात चिनूक सॅमन ऑरेगनमध्ये, सगळ्यात वरच्या धरणाच्या जागेपलीकडच्या ओढ्यात पोचला.

क्लॅमथची अडचण अशी की ती अजून ताजी आहे. मासे परतले म्हणजे नदी बरी झाली असं नाही. आणखी वर कीनो आणि लिंक रिव्हर ही धरणं उभीच आहेत. पाडलेल्या कॉप्को धरणाच्या जलाशयाकाठी घरं घेतलेल्यांचं तळं गेलं, त्यांची नाराजीही सांगा. नाहीतर सत्राची आरती होते.

आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला : 'मग शेतीच्या पाण्याचं काय?' उत्तर दोन्हीकडे एकच. पाडलेली सगळी धरणं विजेसाठी होती, सिंचनासाठी नव्हेत. म्हणून उजनी किंवा जायकवाडीला हे उदाहरण चिकटवू नका. जवळचा धागा मुळशीचा : तेही खासगी कंपनीचं विजेचं धरण. क्लॅमथवरच्या कॉप्को-१ ची वीज १९१८ ची, सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा. फरक एवढाच की मुळशीचं धरण उभं आहे.

माझं मत विचाराल तर आठवी-नववीच्या मुलांना एल्व्हा, कार्यकर्त्यांना क्लॅमथ. मिश्र गट असेल तरी मी क्लॅमथच घेईन, कारण परवाना, बिल आणि भागधारकांची सभा या गोष्टी इथल्या माणसाला लगेच कळतात.

एल्व्हा घेतलीत तर आयोजकांना मोठी परात, घमेलंभर वाळू आणि बादलीभर पाणी सांगून ठेवा. धरण फोडल्यावर गाळ कसा वाहतो ते दाखवता येतं; धरण म्हणून मधे आडवी लावायला पाटी चालते. क्लॅमथ घेतलीत तर २००२ ते २०२४ ची सालं सत्राआधीच फळ्यावर लिहा, बोलता बोलता लिहिलीत तर जेवणाची घंटा होते.