मासा सुटला, मात्रा उरली: रत्नागिरीतल्या ध्वनिशास्त्र वर्गाबद्दल

दोन तासांचा वर्ग, माझे गुण पाचपैकी साडेतीन. सुरुवात थेट ताटातून: संस्कृत मत्स्य, प्राकृत मच्छ, मराठी मासा. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन गळतं, पण त्याची मात्रा (उच्चाराच्या लांबीचं माप) मागे राहते, ती आधीचा स्वर उचलतो. सप्त, सत्त, सात. पंजाबीत 'सत्त' तसंच राहिलं, म्हणून स्वर ऱ्हस्वच. फळ्यावर प्रत्येक मात्रेला एकेक टिंब, त्यामुळे हिशोब डोळ्यांना दिसतो.

शब्दारंभीच्या व्यंजनाला मात्रा नसते, म्हणून स्थलचं 'थळ' होतं, 'थाळ' नाही. इथेच बहुतेक जण अडखळतात, आणि हे छान सोडवलंय.

कच्चा दुवा: 'दूध' पण 'दुधाला'. प्रत्यय लागल्यावर मूळ शब्दाचं उपान्त्य (शेवटून दुसरं) अक्षर ऱ्हस्व होण्याचा हा वेगळा नियम घाईत उरकला. भाषाशास्त्रज्ञ ब्रूस हेझचा 1989 चा मात्रासिद्धान्तही शेवटच्या दहा मिनिटांत कोंबलाय.