घास मोजायचे, सावकाश जेवायचं की अन्नच बदलायचं?

वजनासाठी चावण्याकडे लक्ष द्यायचं ठरवलं की तीन वाटा समोर येतात: घास मोजून चावणं, सावकाश जेवणं, किंवा चावल्याशिवाय गिळताच येणार नाही असं अन्न निवडणं. माझं मत आधीच सांगून टाकते. पन्नाशीपर्यंत तिसरी वाट धरा, दुसरी जोडीला ठेवा. उतारवयात मात्र हिशोबच उलटा होतो.

मोजण्याचं वेड जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉरेस फ्लेचर हे अमेरिकन गृहस्थ घास पार पातळ होईपर्यंत चावा, असं सांगत फिरायचे. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी प्रयोगात तरुण पुरुषांनी प्रत्येक घास १५ऐवजी ४० वेळा चावला, तेव्हा त्यांच्या पोटात सुमारे १२ टक्के कमी कॅलरी गेल्या. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही उतरलं. पण हा परिणाम मोजला होता एका जेवणापुरता. शिवाय बदामासारखा पदार्थ जितका बारीक चावाल, तितकी त्यातली चरबी जास्त अंगी लागते. आणि मोजत जेवणं टिकत नाही. चार दिवस आकडे पाठ ठेवता, पाचव्या दिवशी कुणी गप्पा मारायला बसलं की सगळं विसरायला होतं.

सावकाश जेवण्याच्या बाजूचा पुरावा जास्त मोठा आहे. २०१५ साली २३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा भराभर जेवणाऱ्यांमध्ये लठ्ठपणाची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. घाईमुळेच वजन वाढलं, हे मात्र अशा अभ्यासांतून सिद्ध होत नाही. तरी कारण पटण्यासारखं आहे: पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि दहा मिनिटांत ताट संपवणारा त्या निरोपाच्या आधीच उठलेला असतो. ही सवय बहुधा नोकरी आणि लहान मुलं एकदम अंगावर आलेली असतात त्या वर्षांत जडते आणि पुढे घाई संपली तरी सुटत नाही. तोंडातला घास गिळेपर्यंत चमचा खाली ठेवायचा, एवढंच करून पाहा.

तिसऱ्या वाटेवर इच्छाशक्ती सगळ्यात कमी लागते, म्हणून ती मला आवडते. १९७७ सालच्या एका प्रयोगात सफरचंद खायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्शात त्याचा रस पिऊन झाला, आणि पोट भरल्यासारखं वाटलं ते सफरचंदानेच. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. पहिल्या प्रकारात ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि जास्त वेगानेही. वजन जवळपास एक किलोने वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. सगळं श्रेय चावण्याला देता येणार नाही, पण मऊ अन्न भरभर पोटात जातं हे खरं.

आता उतारवय. माझ्या आईची कवळी सैल झाली, तेव्हा आम्हाला ते ताटावरून कळायला हवं होतं. आधी कच्च्या भाज्या बाजूला राहू लागल्या, मग मांस, आणि शेवटी चहात बुडवलेली बिस्किटं. कपडे ढगळ झाले आणि आम्ही म्हणत होतो, बरं झालं, हलकी झाली! या वयात न ठरवता उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि ते परत मिळवणं फार अवघड असतं. संपूर्ण कवळीची चावण्याची ताकद मुळातच खऱ्या दातांपेक्षा खूप कमी, त्यात ती हलत असेल तर माणूस सोपं तेच खातो.

म्हणून सत्तरीच्या माणसाला ‘अजून चाव’ म्हणू नका. आधी दाताच्या डॉक्टरांकडे न्या, तोवर मऊ पण प्रथिनं असलेलं खायला द्या, आणि वजन कारण नसताना उतरतंय असं दिसलं तर नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवा. आईची कवळी नव्याने बसवून घेतली, त्यानंतर आठवडाभरात तिने स्वतःहून सफरचंद मागितलं, फोडी जरा पातळ कर म्हणाली.