हाफ इंजिनचे पावणेदोन लाख दिले, पण क्रँक मशीनवर चढलाच नव्हता

ट्रेलरवाल्या भावांनो, ज्यांची एकच गाडी आहे आणि तीही हप्त्यावर, त्यांनी तरी हे पूर्ण वाचा.

गाडी माझी २०१७ चं मॉडेल. न्हावा शेवाहून कंटेनर भरायचा आणि चाकण, रांजणगाव, कधी वाळूज. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर खंडाळा घाट चढताना गाडी ओढेना, निळा धूर, दर ट्रिपला ऑइल कमी, इंजिन बॅक मारायला लागलं, म्हणजे जळलेला गॅस पिस्टनच्या कडेने खाली उतरून बाहेर यायला लागला. काम निघालंय हे कळलं होतं, पण खात्यात होते १९ हजार आणि हप्ता ३८ हजारांचा, तारीख १०. मी खरा अडकलो तो इथे, गॅरेजवाल्याने फसवलं ते नंतर. दोन वर्षं भाडं चांगलं मिळत होतं, डिझेल टोल ड्रायव्हर हप्ता जाऊन जे उरायचं ते घरात खर्च व्हायचं आणि गाडी कधीतरी काम काढणारच आहे हा हिशोब मी कधी धरलाच नाही.

माझा नेहमीचा मिस्त्री उरणचा, तो म्हणाला सामानाचे पैसे रोख लागतील. कळंबोलीकडच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, शेठ निम्मे आत्ता द्या, निम्मे दोन महिन्यांत, गाडी आठ दिवसांत रोडवर. मी उधारीसाठी तिकडे गेलो. हाफ इंजिनचा, म्हणजे अख्खं इंजिन न बदलता आतले झिजलेले पार्ट बदलायचा, खर्च सांगितला १ लाख १० हजार. इंजिन खोललं आणि तिसऱ्या दिवशी फोन, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) गेलाय, ग्राइंडिंगला, म्हणजे मशीनवर घासायला, पाठवावा लागेल, ०.२५ चे बेअरिंग लागतील, नोजल पण, वॉटर पंप पण. आकडा गेला १ लाख ७४ हजारांवर. इंजिन सुटं पडलेलं, तारीख जवळ आलेली, मी गाडी उचलून नेणार कुठे? हो म्हणालो. वर पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल म्हणाला, म्हणून साध्या कागदावर लिहून घेतलं. जुने पार्ट मागितले तर भंगारवाला घेऊन गेला म्हणाला, तेही ऐकून घेतलं.

अडीच महिने गाडी चालली, साधारण ११ हजार किलोमीटर. मग गरम झाल्यावर स्लो रेसला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायला लागला, आणि एक दिवस चाकणहून येताना तळेगावजवळ खालून ठक ठक आवाज. लगेच बंद केली, टोचन करून उरणला आणली.

मिस्त्रीने चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवलं, एक कॅप खोलून बेअरिंगचा अर्धगोल भाग काढला, बनियनच्या तुकड्याने पुसला, उलटा केला आणि टॉर्च मारून मला म्हणाला वाचा. पाठीवर एसटीडी छापलेलं. म्हणजे स्टँडर्ड साइज. क्रँक पाव एमएम घासला असता तर बेअरिंग तेवढंच जाड लागतं आणि त्याच्या पाठीवर ०.२५ असतं. घासलेल्या क्रँकवर स्टँडर्ड बेअरिंग बसवलं तर पहिल्या दिवसापासून प्रेशरच आलं नसतं. मग मायक्रोमीटर लावला, क्रँकचे जे जर्नल (बेअरिंग बसतं ते गोल भाग) अजून शाबूत होते ते स्टँडर्डच्या जवळपासच भरले. पॉलिश पेपर मारून जुनाच क्रँक ठेवला होता आणि ग्राइंडिंगचे पैसे माझ्याकडून घेतले होते. आता एक जर्नल इतका खराब झाला की सरळ ०.५० ला घासावा लागला. आणखी ८२ हजार आणि बायकोच्या पाटल्या गहाण.

गॅरेजवाल्याकडे बेअरिंग घेऊन गेलो तर म्हणे हे आम्ही टाकलेलंच नाही, तुमच्या मिस्त्रीने बदललं असेल. वकिलाला भेटलो. तो म्हणाला, एकच गाडी स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल तर ग्राहक आयोगात प्रयत्न करता येईल, पण गॅरेजचं नाव असलेलं बिल दाखवा. माझ्याकडे वहीचं पान, त्यावर ना शिक्का ना सही.

क्रँक ग्राइंडिंगला जाणार असेल तर त्याच्याबरोबर लेथवर, म्हणजे घासतात त्या वर्कशॉपवर, जा, काम संपेपर्यंत थांबा, दिवस मोडला तरी चालेल. माप तुमच्यासमोर घेऊ दे. बेअरिंग बसवायच्या आधी पाठीवरचा नंबर बघा, मोबाइलवर फोटो काढा. जुने लायनर, पिस्टन, बेअरिंग, आणि क्रँक बदलला असेल तर तोही, सगळं गोणीत भरून घरी आणा, भंगारात तुम्ही स्वतः विका. आणि बिल पक्कं.

पण हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा खिशात पैसे असतात आणि तुम्ही म्हणू शकता की काम पटत नाही, थांबव. म्हणून मी मागच्या दोन वर्षांच्या पावत्या आणि डायरी काढून बसलो. ऑइल, फिल्टर, हब ग्रीसिंग, ब्रेक लायनर, क्लच, पाटे, इंजिनची दोन्ही कामं, सगळं जोडून चाललेल्या किलोमीटरने भागलं तर चार रुपयाच्या थोडं वर आलं. टायर त्यात नाहीत, टायरचे वेगळे काढतो. तुमचा आकडा वेगळा येईल, घाटात जास्त चालणाऱ्याचा जास्तच येणार, पण काढा एकदा. आता भाडं आलं की पहिल्यांदा किलोमीटरमागे चार रुपये दुसऱ्या खात्यात टाकतो, त्याचं एटीएम कार्ड बायकोकडे.

पाच महिन्यांत बारीकसारीक कामं जाऊन त्या खात्यात ६४ हजार आहेत. क्लच आता पेडल वर आल्यावरच धरायला लागलाय, होळीच्या आत क्लच प्लेट करायची आहे, उरणच्या मिस्त्रीला सामानाचे रोख पैसे परवाच देऊन आलो.