कोंडागावची ढोकरा जोडी, चार महिन्यांनंतर

बस्तरमधल्या कोंडागावहून मांदर (ढोल) वाजवणारा गडी आणि त्याची बायको अशी ढोकरा, म्हणजे मेणाच्या रीतीने ओतलेली पितळी मूर्ती आणली. जेमतेम वीतभर, पण उचलली की हात खाली जातो. मला सगळ्यात आवडलं ते अंगावरचं दोऱ्यासारखं काम. घडवा समाजातले कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाची बारीक तार फेऱ्याफेऱ्याने गुंडाळतात, वर मातीचा लेप देतात. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ उतरतं. साचा फोडावाच लागतो, म्हणून हुबेहूब दुसरी मूर्ती होत नाही. आमच्या बाईच्या डाव्या कानाशी तारेचा एक फेरा सुटलाय, तोच मला फार जवळचा वाटतो. मोहेंजोदडोची नर्तकी, अवघी १०.५ सेंटिमीटरची, तीही याच रीतीने ओतलेली!

तक्रार एकच. बैठक किंचित डुगडुगते, खाली फेल्टचा तुकडा चिकटवावा लागला.

याआधी ऑनलाइन मागवलेला ‘ढोकरा’ हत्ती मात्र गुळगुळीत निघाला, पोटावर साच्याच्या जोडाची सरळ रेघ. घेताना ती रेघ आधी शोधा, दिसली तर तो खरा ढोकरा नव्हे. आणि चिंच लावून घासू नका, खाचांमधला सुंदर काळसरपणा निघून जातो. मऊ कोरडा ब्रश पुरे.