कुत्र्यासाठी घरपोच कच्चं मांस आणि मासे: मासे घ्या, चिकन राहू द्या

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. फ्रोजन तारली आणि बांगडा मस्त, मटण खिमा ठीक, काळीज-वजडीचा मिक्स पॅक घेतलात तर उकडूनच घाला, आणि कच्चं चिकन मी घालत नाही, फुकट दिलं तरी नाही.

पुण्यात सध्या कुत्र्यांसाठी कच्चं मांस पॅक करून घरी देणारे बरेच झालेत, त्यातल्याच एकाकडून मी काही महिने मागवतेय. नाव मुद्दाम टाकत नाही कारण यातल्या अर्ध्या तक्रारी या धंद्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडतील. आमचा गुंड्या साधा गावठी, चोवीस-पंचवीस किलोचा, दहीभात आणि उकडलेली अंडी खाऊन खूश होता, पण सोसायटीत दोन हस्की आणि एक लॅब ‘बार्फ’वर गेले, म्हणजे कच्चं मांस, कच्ची हाडं, थोडं काळीज, थोडी भाजी असला प्रकार, आणि त्यांचे केस असे चमकायला लागले की आमच्या घरात पण चर्चा सुरू झाली. केस चमकतात ते मुख्यतः तेलकट मांस-माश्यांमुळे, कच्चं असल्यामुळे नाही, हे आमच्या व्हेटनी शांतपणे सांगितलं. अमेरिकेतल्या व्हेट लोकांच्या संघटनेनी तर २०१२ पासूनच कच्चं मांस घालू नका असं लेखी म्हटलंय हे पण त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, घालणारच असाल तर डोकं वापरून घाला. म्हणून हा रिव्ह्यू.

डिलिव्हरी. थर्माकोलचा डबा, आत जेल पॅक, वर तारीख. सकाळचा स्लॉट घेतला की माल एकदम कडक गोठलेला येतो, तक्रार नाही. मे महिन्यात एकदा दुपारी चारला आला, पॅकचे कोपरे दाबले तर बोट आत जातंय, जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं. फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणतो ताई फ्रीजरला टाका परत, काही होत नाही. अरे होतं ना! गोठवल्यानी बॅक्टेरियासारखे जंतू मरत नाहीत, बहुतेक नुसते थांबतात, आणि विरघळलं की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू होतात. पैसे परत दिले, न भांडता दिले, त्याचे मार्क देते. पण माझ्या मते या सर्व्हिसमध्ये आपण पैसे मोजतो ते थंडपणाचे, मांस काय कोपऱ्यावरचा मटणवाला पण देतो. थंडपणाच नसेल तर उरलं काय. आणि लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर स्वतःच्या फ्रीजरचा पण विचार करा, आमच्याकडे गुरुवारी चार-चार तास जाते.

आता मासे, जे खरं चांगलं आहे. तारली आणि बांगडा, साफ केलेले, डोकं काढलेले, पाव-पाव किलोचे पॅक. पॅकवर लिहिलंय की उणे २० डिग्रीला ठेवून मग पाठवतात. हे महत्त्वाचं का, तर माश्यात जे बारीक जंत असतात ते मारायला अमेरिकेच्या एफडीएचा (तिथली अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) माणसांनी कच्चे खायच्या माश्यांसाठी जो नियम आहे तो उणे २० ला सात दिवस, किंवा मग कडक गोठवून उणे ३५ ला पंधरा तास असा आहे. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो, तो पण दिवसातून वीस वेळा आइसक्रीमसाठी उघडला नाही तर. म्हणजे बाजारातून ताजी तारली आणून घरी दोन रात्री गोठवली आणि घातली कच्ची, असं चालत नाही. किती दिवस गोठवता हे मी विचारलं तर दहा दिवस सांगितलं, लेखी मागितलं तर मेल पण केला. इथे मी इंप्रेस झाले.

पण फ्रीजर सगळं सोडवत नाही. एक, काही माश्यात थायमिनेज नावाचं एंझाइम असतं, ते बी-१ व्हिटॅमिन खाऊन टाकतं. अँकोव्ही आणि हेरिंगच्या जातीतले काही मासे, म्हणजे आपली मांदेली-तारली त्याच घराण्यातली, आणि रोहू-कटलासारखे कार्प, यांच्यावर लक्ष ठेवायचं. हे गोठवून जात नाही, शिजवून जातं. आठवड्यात एखाद-दोनदा कच्चं घातलं तर आभाळ कोसळत नाही, पण रोज फक्त कच्चा मासा म्हणजे हळूहळू त्रास. दोन, बांगडा, कुपा असले मासे बर्फाशिवाय पडून राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, ज्यानी माणसाच्या अंगावर गांधी उठतात, ते शिजवून पण जात नाही आणि गोठवून पण नाही. म्हणून ‘कुत्र्यालाच तर घालायचंय’ म्हणून संध्याकाळी उरलेला मऊ पडलेला बांगडा स्वस्तात उचलू नका. मला पॅकवर मासा कधी पकडला ती तारीख हवी होती, त्यावर फक्त पॅकिंगची असते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळातला माल कधीचा आणि कुठून आला हे विचारलं तर ‘स्टोरेजचा आहे मॅम’ एवढंच. अर्धा स्टार तिथे गेला.

ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक मेसेज फिरतो की कच्चा सॅमन खाऊन कुत्रे मरतात. खरंय ते, पण ती भानगड अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या नद्यांमधल्या सॅमन आणि ट्राउटची आहे. तिथे माश्यात एक चपटा किडा असतो आणि त्या किड्याच्या आत एक जंतू, दोन्ही मिळून कुत्र्याला आडवं करतात आणि औषध नाही दिलं तर बहुतेक कुत्रे जातात. आपल्या रावसाचा त्याच्याशी संबंध नाही. रावस महाग आहे म्हणून घालू नका, ते कारण पुरेसं आहे.

शिंगाळा मात्र नकोच, त्याच्या पंखांचा काटा करवतीसारखा असतो, घशात अडकला की ऑपरेशन. आणि सुकट-सोड्यांनी लाड करू नका, मीठ किती असतं त्यात.

मटण खिमा ठीकठाक. शिळा वास नाही, चरबी जरा जास्त. फक्त एक गोष्ट त्यांनी वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहायला हवी ती कुठेच नाही: बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मोठ्या कुत्र्याला कधीमधी चालून जातं. वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने नुसता खिमा घातला तर शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं, पाय वाकतात, उडी मारली तरी हाड मोडतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक लॅबचं पिल्लू अक्षरशः खिम्यावर वाढतंय आणि त्याच्या मालकाला वाटतं तो राजेशाही खिलवतोय.

मिक्स पॅक म्हणजे काळीज, फुफ्फुस, वजडी. याबद्दल मी जरा कडक आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुफ्फुसात पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतात कधी कधी, हायडॅटिड. कुत्र्यानी ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात अगदी बारीक टेपवर्म तयार होतात, कुत्रा ठणठणीत, त्याला काही होत नाही, पण त्याच्या शीतून अंडी बाहेर पडतात, अंगाला लागतात, आणि मग त्याच कुत्र्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या लिव्हरमध्ये काही वर्षांनी गाठ निघते. मटणाच्या दुकानाबाहेर भटक्या कुत्र्यांना फुफ्फुसाचे तुकडे फेकतात ना, तिथूनच हे चक्र फिरत राहतं. त्यामुळे तो पॅक घेतला तर मी सरळ पातेल्यात पाणी घेऊन उकडते, मीठ-हळद-कांदा-लसूण काही नाही (कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, आई ऐकत नाही), आणि काळीज थोडंच, रोज वाटीभर घातलं तर ए व्हिटॅमिन जास्त होतं. जंताचं औषध देताना पण टेपवर्मवर चालणारं आहे ना हे व्हेटला विचारा, प्राझिक्वान्टेल असलेलं, सगळ्याच गोळ्यांत ते नसतं.

चिकन. एफडीएनी २०१० ते २०१२ मध्ये विकत मिळणाऱ्या कच्च्या पेट फूडचे १९६ नमुने तपासले, १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला, दोन्ही माणसाला आजारी पाडणारे जंतू. तो पण अमेरिकेतला, फ्रीजमधला, चकचकीत पॅकमधला माल. कुत्र्याला बऱ्याचदा काहीच होत नाही, तो शीतून आणि चाटून घरभर वाटत बसतो, आणि आमच्या घरात पंचाहत्तरीच्या सासूबाई आणि चार वर्षांचा भाचा आहे. त्यात डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या गोरेवाड्यात, वन्यप्राण्यांच्या बचाव केंद्रात, तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनी गेले आणि संशय कच्च्या चिकनवर होता, तेव्हापासून माझ्याकडे हा विषय बंद. कंपनीला विचारलं होतं की मांसावर एचपीपी करता का, म्हणजे प्रचंड दाबाखाली ठेवून उष्णता न देता जंतू मारायची पद्धत असते. उत्तर आलं, ‘मॅम आमचं सगळं हायजिनिक आहे’. बरं. चिकन उकडून घालायचं तर मग त्यांच्याकडून दुप्पट भावात कशाला, चौकातून आणीन.

घरातली व्यवस्था पण लिहिते कारण ती कोणी सांगत नाही. पॅक रात्रीच फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात विरघळायला, ओट्यावर कधीच नाही. भांडं वेगळं, ते बाथरूमच्या नळाखाली साबणानी, किचनच्या सिंकमध्ये नाही. पंधरा-वीस मिनिटात खाल्लं नाही तर उचलून फेकायचं. फ्रीजरमध्ये सासूबाईंच्या मोदकाच्या नारळाशेजारी बांगडा ठेवायचा नाही हा नियम मी नाही केला, पण तो पाळला जातो, संकष्टीला तर फ्रीजर उघडायची परवानगी पण विचारून.

मार्क द्यायचे तर मासे पाचपैकी साडेचार, खिमा तीन, मिक्स पॅक दोन आणि तो पण उकडणार असाल तर, चिकनला मार्क नाहीत. भाव बाजारापेक्षा बराच जास्त आहे, तारलीत सगळ्यात टोचतो. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणून कुकरला भरपूर शिट्ट्या काढल्या तर काटे बोटांनी चुरडण्याइतके मऊ होतात, जंताचं आणि थायमिनेजचं दोन्ही टेन्शन जातं, आणि गुंड्याला त्यात काही कमी वाटत नाही. ज्या आठवड्यात वेळ नसतो तेव्हा मी यांच्याकडून मागवते. मागवणार असाल तर सकाळचा स्लॉट घ्या आणि डबा आला की डिलिव्हरीवाला जायच्या आत कोपरे दाबून बघा.