सोसायटीचा ओला कचरा: मशीन की हौद?

कोथरूडमधल्या एका सोसायटीची कमिटी अडली आहे: ओल्या कचऱ्याचं खत करायला मशीन घ्यावं की विटांचे जाळीदार हौद बांधावेत?

खर्चात तुलनाच नाही. हौद म्हणजे गवंड्याचं काम आणि वर पत्रा. मशीनला लाखो रुपये, शिवाय वीजबिल, एएमसी (वार्षिक देखभाल करार), भुसा. मशीनवाल्यांचा ‘24 तासांत खत’ वगैरे दावा सोडून द्या. तेवढ्या वेळात कचरा वाळतो, खत होत नाही. तो भुगा ओला झाला की पुन्हा कुजतो, घाण वास सुटतो. हौदाला दीड-दोन महिने लागतात, पण निघतं ते काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं.

मेहनत मात्र हौदालाच जास्त. प्रत्येक थरावर वाळका पाला हवा, अधूनमधून वरखाली करायला हवं. पाला कमी पडला की चिलटं आलीच. उन्हाळ्यात झाडलेला पाला (जो आपल्याकडे सर्रास पेटवतात) पोत्यांत भरून ठेवा, जुलैत तोच कामी येतो.

आवारात झाडं आणि टिकणारे माळीकाका असतील तर हौद. पार्किंगपलीकडे जागाच नसलेल्या टॉवरला मशीन, पण ते चालवायला पगारी माणूस ठेवणार असाल तरच.