डेस्कटॉप विकून गेमिंग लॅपटॉप घेतला: नऊ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपतीत माझा डेस्कटॉप आठव्यांदा पलंगाखाली गेला. नाशिकच्या इंदिरानगरात आमचं दोन खोल्यांचं घर. हॉलमध्ये प्लगजवळचा कोपरा एकच, आणि मखरही तिथेच बसतं. दर वर्षी कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस आणि वायरींचं जंजाळ सोडवायचं, विसर्जनानंतर परत जोडायचं. या खेपेला जोडल्यावर डिस्प्लेच येईना. रॅम काढून खोडरबरने घासली, तेव्हा कुठे सुरू झाला. आई म्हणाली, "ते धूड काढ आता घरातून." दिवाळीच्या तोंडावर ते धूड, म्हणजे आय फाइव्ह प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, मावसभावाला १२ हजारांत दिलं आणि ९२ हजारांचा लॅपटॉप आणला. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, साठवायला ५१२ जीबी एसएसडी, १४४ हर्ट्‌झची स्क्रीन. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

घ्यायच्या आधी एक गोष्ट मला कळली नव्हती, कॉलेज रोडच्या दुकानात कुणी सांगितलीही नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून काहीच ठरत नाही. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा बनवणाऱ्याला असते. म्हणजे एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर एक पळेल आणि दुसरा धापा टाकेल. निदान ४०६० मध्ये डेस्कटॉपसारखेच ३०७२ कोअर, म्हणजे हिशोब करणारे छोटे भाग, तरी आहेत. ४०७० घ्यायला गेलात तर डेस्कटॉपच्या कार्डात ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्यात ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव मात्र तेच. तेव्हा दुकानात गेलात की स्पेसिफिकेशनच्या कागदावर टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणारे वॅट, किती लिहिलाय ते बोट ठेवून वाचा. माझा पूर्ण ११५ वॅटचा निघाला, पण ते निव्वळ नशीब.

चालतो कसा? छान चालतो. सायबरपंक २०७७ जुन्या मशीनवर रखडत चालायचा, इथे हाय सेटिंगवर मजेत खेळून झाला. एल्डन रिंग तर सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, वर जातच नाही, तो त्या गेमचाच नियम, त्यामुळे सेकंदाला १४४ चित्रांचा, म्हणजे १४४ हर्ट्‌झचा तिथे उपयोग शून्य. वेगाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आवाजाची आहे. डेस्कटॉपचा पंखा टेबलाखाली असायचा, हा नाकासमोर. सगळ्यात वेगवान टर्बो मोड लावला की स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न येतो, "गिरणी लागली का रे?" वडील बातम्यांचा आवाज वाढवतात, मग मी हेडफोन लावतो, मग मला दाराची बेल ऐकू येत नाही. एकट्याची खोली असेल तर ही अडचण वाटणार नाही. आमच्यासारखं सगळ्यांचं मिळून एकच घर असेल तर खरेदीआधी दहा मिनिटं दुकानातच गेम लावून आवाज ऐका. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

डिसेंबरात हे उष्णतेचं प्रकरण मला आवडलंही. नाशिकची थंडी माहितीच आहे. रात्री अकराला बोटं आखडलेली असताना कीबोर्डाची डावी बाजू शेगडीसारखी ऊब द्यायची. एप्रिलमध्ये तीच शेगडी नकोशी झाली. बाहेर ४० अंश, आत प्रोसेसर ९५ वर, आणि अर्ध्या तासाने फ्रेम गळायला लागायच्या. आठशे रुपयांचं कुलिंग पॅड आणलं, त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडला. खरा फरक एका फुकटच्या उपायाने पडला. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करायची. एक टक्का दिसायला काहीच नाही, पण त्याने प्रोसेसरला जादा वेगाने पळवणारा टर्बो बूस्ट बंद होतो. माझ्याकडे तापमान थेट ८० च्या खाली आलं, पंखा निवळला, आणि फ्रेम गेल्या त्या चार-पाच. मे महिना त्यावर काढला.

आता पाचव्या महिन्यातली गोष्ट. डब्ल्यू अडकायला लागला. ज्या बटणाने पुढे चालायचं तेच. डेस्कटॉप असता तर रविवार कारंजाला जाऊन सहाशेचा कीबोर्ड आणला असता, तासाभरात विषय संपला असता. इथे सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, बटण सुटं मिळत नाही, वरचा अख्खा भाग बदलावा लागेल. वॉरंटीत होतं म्हणून पैसे लागले नाहीत, पण पार्ट यायला ११ दिवस गेले आणि तोवर मशीन त्यांच्याकडेच. लॅपटॉप विकत घेण्याचा खरा तोटा मला त्या ११ दिवसांत कळला. काहीही बिघडलं तरी सगळंच बिघडतं. आणि कार्ड तर बोर्डावरच डकवलेलं. तीन वर्षांनी नवं बसवू म्हणायची सोय नाही. रॅम आणि एसएसडी तेवढी वाढवता येते. ५१२ जीबी मला दीड महिनाच पुरली, कारण रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १२० जीबीच्या आसपास जागा खातो. दुसऱ्या स्लॉटमध्ये १ टीबी टाकली.

विजेच्या बाबतीत मात्र लॅपटॉपने जिंकून घेतलं. पहिला पाऊस पडला की आमच्याकडे लाइट जाते-येते हे ठरलेलं. यूपीएस म्हातारा झाल्यापासून डेस्कटॉप दर वेळी धाडकन बंद व्हायचा. आता लाइट गेली की फ्रेम ३० वर येतात, कारण बॅटरीवर कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट स्वतःहून तेवढ्यावर अडवतं. पण खेळ चालू राहतो, सेव्ह करायला वेळ मिळतो. अर्थात पहिल्याच दिवशी फजिती झाली. लॅपटॉप चालू, राउटर बंद, व्हॅलोरंटचा सामना गेला तो गेलाच. मग राउटरसाठी छोटा यूपीएस आणला, बाराशे रुपयांचा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवलीय.

कुठेही नेता येतो म्हणून घेतला, तर नेला किती वेळा? मोजून सहा. दोनदा मामाकडे पिंपळगाव बसवंतला. तिथे इन्व्हर्टरवर आरामात चालला, आणि मामेभाऊ द्राक्षाच्या खळ्यावरून आल्यावर रात्री दोनपर्यंत फोर्झा खेळत बसला. एकदा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला नेला. सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि वर २३० वॅटचा चार्जर, जो वजनाला लहानसा खलबत्ताच. डब्यातला प्लग मोबाईलपुरता, आणि बॅटरीवर जड गेम तासभरही टिकत नाही. इगतपुरीच्या पुढे बोगदे सुरू व्हायच्या आत बॅग बंद करून मी वडापाव घेतला. उरलेल्या तीन वेळा मित्राकडे सिडकोत, जे चालत पंधरा मिनिटांवर आहे.

बाकी दिवस तो त्याच कोपऱ्यात असतो. वाकून मान धरायला लागली म्हणून फेब्रुवारीत २४ इंची मॉनिटर आणला, मग वेगळा कीबोर्ड, माउस, खाली स्टँड. अंबडच्या कंपनीतला एक जण परवा विचारत होता, घेऊ का? मी त्याला उलट विचारलं, तुझी खोली स्वतःची आहे का आणि मशीन जागेवरून हलणार आहे का. खोली आहे, हलणार नाही म्हणाला. त्याला डेस्कटॉपच घ्यायला सांगितलं. तेवढ्याच पैशांत त्याला कार्डही वरचं मिळेल.

माझ्याकडे काल आई मखराची मापं घेत होती. लॅपटॉप उचलायला मला अर्धं मिनिट लागेल. मॉनिटर कुठे ठेवायचा ते तिने आधीच सांगून टाकलंय: पलंगाखाली.